८-८-८ चा नियम काय आहे? आणि तुमच्या २४ तासांत तो बसतो का?

इन्स्टाग्रामवर 'लाईफ बॅलन्स' असं शोधलंत की एक आकृती हमखास समोर येते. चोवीस तासांचं गोल घड्याळ आणि त्याचे तीन रंगीत भाग : आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास स्वतःसाठी. तिसऱ्या भागात मग कुटुंब, मित्र, व्यायाम, वाचन, छंद असं बरंच काही कोंबलेलं असतं. हे जमलं की तब्येत सुधारते, अंगात उत्साह राहतो, असं खाली लिहिलेलं असतं.

दिसायला छानच आहे. पण तुम्ही मुंबई-ठाण्याकडचे असाल तर पहिला प्रश्न मनात येतो, लोकलचे तास कुठल्या रंगात धरायचे? स्वयंपाक, भांडी, मुलांचा अभ्यास, आईची औषधं, बँकेची कामं या सगळ्याला 'स्वतःसाठी' म्हणायचं का?

हा नियम मुळात कुणासाठी तयार झाला, आणि आज तो कुठे टिकतो, कुठे तुटतो, ते पाहू.

हा नियम रीलवाल्यांचा नाही, कामगारांचा आहे

८-८-८ ची कल्पना २०० वर्षांहून जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क इथे सुतगिरणी चालवणारे रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ मध्ये आठ तास काम, आठ तास करमणूक आणि आठ तास विश्रांती अशी दिवसाची वाटणी मांडली. त्या काळी गिरण्यांत बारा-चौदा तास राबणं सर्रास होतं, त्यात लहान मुलंही असायची. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या पाथरवटांनी काम बंद करून आठ तासांचा दिवस मिळवला. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोत याच मागणीसाठी संप झाला, हेमार्केट चौकात रक्त सांडलं, आणि त्याच आठवणीतून १ मे हा जगभरचा कामगार दिन झाला. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं आपला पहिलाच करार केला तो दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांच्या मर्यादेचा.

यातलं एक प्रकरण आपल्याकडचं आहे. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. मागण्या अशा होत्या : रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबू द्या. शेवटची मागणी पुन्हा वाचा. साडेसहा ते सूर्यास्त ही तक्रार नव्हती, ती मागणी होती. यावरून प्रत्यक्षात किती तास भरत असतील याचा अंदाज येतो. सहा वर्षं पाठपुरावा केल्यावर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

तासांचा प्रश्न सुटायला आणखी पन्नासेक वर्षं गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या कारकिर्दीत हा विषय पुढे सरकला आणि १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाने कायद्यातही ४८ चीच मर्यादा राहिली. सहा दिवसांचा आठवडा धरला तर दिवसाला बरोबर आठ तास.

म्हणजे ८-८-८ हा 'सकाळी पाचला उठा' छापाचा सल्ला नव्हता. कामगारानं स्वतःला कसं सुधारावं हे त्यात सांगितलेलंच नाही. मालकानं कुठे थांबावं, एवढंच त्यात होतं. आजच्या रील्समध्ये नेमकी हीच बाजू गळून पडते आणि सगळा भार तुमच्या शिस्तीवर येतो.

आता तुमचं गणित मांडू

समजा, एक जोडपं बदलापूरला राहतं आणि दोघंही सीएसएमटीजवळच्या ऑफिसांत कामाला आहेत. ऑफिस जेवणाच्या सुट्टीसह नऊ तास. घर ते स्टेशन, गाडीची वाट, दीड तासाच्या आसपासचा प्रवास आणि उतरल्यावरचं चालणं मिळून एका बाजूचे दोन तास धरा. जाऊन-येऊन चार. ९ आणि ४ म्हणजे १३ गेले, उरले ११. अंघोळ, आवराआवर, चहा-नाश्ता, रात्रीचं जेवण याला दोन तास. उरले ९.

आता या नऊ तासांत घरकाम घाला. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. पुरुषांचा आकडा फक्त घरकाम करणाऱ्यांचा आहे. बहुसंख्य पुरुष त्या रकान्यात येतच नाहीत. नोकरी करणाऱ्या बाईला २८९ मिनिटं शक्य नसतात, म्हणून आपण तिचे तीन तास धरू : सकाळचा डबा, रात्रीचा स्वयंपाक, मधली आवराआवर. तिच्याकडे उरले सहा तास. नवऱ्यानं ८८ मिनिटं काम केलं तर त्याच्याकडे उरले साडेसात.

हे सहा किंवा साडेसात तास म्हणजे झोप आणि 'स्वतःचे आठ तास' दोन्ही मिळून! बायकोनं सगळाच वेळ झोपेत घालवला, मोबाईल पाहिला नाही, आईला फोन केला नाही, मुलाशी दहा मिनिटं बोलली नाही, तरी तिची झोप सहा तासांच्या वर जात नाही. गाडी तीच, ऑफिसचे तासही तेच. फरक पडला तो फक्त ओट्याजवळ कोण उभं राहिलं यामुळे.

संतुलनावर बोलताना हा फरक आधी बोलायला हवा. ध्यानाची ॲप आणि डायरी लिहिण्याचे सल्ले नंतर.

तूट नेहमी झोपेतूनच का भरली जाते?

कारण झोप तक्रार करायला येत नाही. ऑफिसला उशीर झाला तर साहेब विचारतो, डबा झाला नाही तर मूल उपाशी जातं. एक तास कमी झोपलात तर त्या दिवशी कुणी काही म्हणत नाही.

"मला सहा तास पुरतात, सवय झालीय" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्याची चाचणी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाली आणि निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ४८ निरोगी प्रौढांचे गट केले. काहींना दोन आठवडे रोज चार, काहींना सहा, काहींना आठ तास झोपू दिलं. एका गटाला सलग तीन दिवस जागं ठेवलं. रोज त्यांचं लक्ष, प्रतिसादाचा वेग, स्मरण तपासलं. दोन आठवड्यांअखेर सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना स्वतःला हे फारसं जाणवत नव्हतं. झोप येतेय असं वाटणं काही दिवसांत थोडं स्थिरावलं, कामगिरी मात्र घसरतच राहिली. सवय होते ती थकव्याची. मेंदू काही कमी झोपेत भागवायला शिकत नाही.

यामागची यंत्रणा सोपी आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ते जितकं जास्त तितका झोपेचा दाब जास्त. झोपेत ते कमी होतं. चहा-कॉफीतलं कॅफिन हे ॲडेनोसिन संपवत नाही, फक्त ते जिथे चिकटतं त्या जागा अडवून बसतं. म्हणून चहानं तरतरी येते, पण उधारीवर. शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघताना घेतलेल्या कॉफीचा निम्मा भाग रात्री अकरालाही अंगात असतो.

दुसरी यंत्रणा म्हणजे शरीराचं रोजचं घड्याळ. ते पेशींच्या पातळीवर कसं चालतं हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं. आठवडाभर सहाला उठून रविवारी अकरापर्यंत लोळलं की ते मागे सरकतं आणि सोमवारी सकाळी दुसऱ्या देशातून विमानानं आल्यासारखं वाटतं. याला शास्त्रज्ञ 'सोशल जेटलॅग' म्हणतात. रविवारी तास-दीड तास जास्त झोपायला हरकत नाही. त्याहून जास्त तूट असेल तर दुपारी वामकुक्षी घेणं किंवा शनिवारी लवकर आडवं होणं बरं.

प्रौढांनी रोज किमान सात तास झोपावं, ही झोपतज्ज्ञांची शिफारस आहे. आठच तास हवेत असा काही नियम नाही, तेव्हा ८-८-८ मधला झोपेचा आठ आकडा फार मनाला लावून घेऊ नका. सहाचा मात्र घ्या.

मग रात्री साडेअकराला आपण रील्स का बघतो?

कदाचित हा लेखही तुम्ही अंथरुणात पडूनच वाचत असाल. झोपायची वेळ झालीय, कुणी अडवलेलं नाही, तरी माणूस झोपणं लांबवतो. या वागण्यावर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे चीनमध्ये त्याला 'सूड म्हणून जागणं' अशा अर्थाचा शब्द रूढ झाला आणि तो जगभर पसरला. दिवसभराचा वेळ दुसऱ्यांनी घेतला, आता हा माझा, अशी ती भावना असते.

याला आळस किंवा मोबाईलचं व्यसन म्हणून सोडून देता येत नाही. दिवसात स्वतःचा असा अर्धा तासही न मिळालेला माणूस तो रात्रीतून काढून घेणारच. त्यामुळे "मोबाईल दूर ठेवा" एवढाच सल्ला बहुतेकदा फसतो. रात्रीचा तो तास वाचवायचा असेल तर दिवसात त्याच्या बदल्यात काहीतरी ठेवावं लागतं, मग ती जेवणानंतर शेजारणीबरोबरची वीस मिनिटांची चक्कर असो की गाडीत कुणाशीही न बोलता ऐकलेली गाणी.

जास्त तास काम केल्यानं नेमकं काय होतं?

२०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांबद्दलचं वक्तव्य गाजलं. दोन्ही वेळा सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला. गणित करून पाहा : ७० तास म्हणजे सहा दिवस रोज जवळपास पावणेबारा तास. ९० तास म्हणजे रविवार धरून रोज पावणेतेरा तासांहून जास्त. लोखंडेंनी मिळवलेला रविवारही त्यात जातो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा एकत्रित अभ्यास २०२१ मध्ये आला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. एकट्या २०१६ मध्ये जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू लांबलेल्या कामाच्या तासांशी जोडले गेले. कारणं दोन प्रकारची आहेत. सततच्या ताणानं रक्तदाब आणि ताणाची संप्रेरकं वाढलेली राहतात, हा थेट परिणाम. आणि जास्त कामामुळे झोप, व्यायाम, नीट जेवण मागे पडतं, तंबाखू-सिगारेट पुढे येते, हा आडून होणारा.

'बर्नआउट' हा शब्द आता सगळेच वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या व्याख्येनुसार तो आजार नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून तयार होणारी ती अवस्था आहे. तिची लक्षणं तीन : गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही धड होत नाही ही भावना. यातलं दुसरं लक्षण लवकर ओळखा. पूर्वी आवडणाऱ्या कामाबद्दल "मरू दे" असं रोज वाटू लागलं, तर चार दिवस गोव्याला जाऊन ते जाणार नाही.

वेळ बदलली की माणसं बदलतात याचं मुंबईतलंच एक उदाहरण आहे. पोलिसांना वर्षानुवर्षं बारा तासांची ड्युटी असायची, बंदोबस्तात त्याहून जास्त. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना त्याच ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याची होती आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पुढे ती शहरातल्या इतर ठाण्यांतही नेली गेली. मनुष्यबळ अपुरं असताना हे नेटानं टिकवणं अवघड, हेही खरं. पण कर्मचाऱ्यांना योगवर्ग लावून देण्याआधी ड्युटीचं वेळापत्रक बदलून पाहिलं गेलं, हा क्रम बरोबर होता.

हातात काय आहे?

तीन समान भाग करण्याच्या नादाला लागू नका. दिवसाऐवजी आठवडा धरा. आठवड्याचे १६८ तास असतात. रोज सात तास झोप म्हटली तर ४९ तास आधी बाजूला काढा, घरभाडं किंवा हप्ता पगार झाल्या झाल्या काढतो तसे. मग उरलेल्या ११९ तासांत काम, प्रवास, घरकाम मांडा. एक आठवडा कागदावर खरोखर लिहून पाहिलं, की गळती कुठे आहे ते दिसतं. बहुतेक घरांत ती दोन-तीन ठिकाणीच असते.

घरकामाची वाटणी हा त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात टाळला जाणारा भाग. इथे 'मदत' हा शब्दच अडचणीचा आहे. मदत करणारा सांगितल्यावर करतो, आणि काय संपलंय, उद्या डब्याला काय, गॅस कधी लावला होता हे डोक्यात ठेवायचं काम बाईकडेच राहतं. त्यापेक्षा एक काम पूर्ण सोपवा : रात्रीचं जेवण आणि त्याची भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत सगळं एकाकडे. वरच्या बदलापूरच्या जोडप्यात तीन तास आणि ८८ मिनिटं यांची निम्मी-निम्मी वाटणी केली, तर दोघांनाही जवळपास सव्वादोन तास येतात. तिची झोप पावणेसात तासांपर्यंत जाऊ शकते, एकही जास्तीचा रुपया खर्च न करता.

व्यायामासाठी वेगळा तास मिळत नसेल तर तो शोधत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची आहे, आणि ती सलगच हवीत अशी अट आता राहिलेली नाही. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतक्या वेगानं चालणं त्यात मोजलं जातं. स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी १५ मिनिटं झपाझप चाललात आणि परतताना तसंच, तर पाच दिवसांत १५० मिनिटं भरतात. जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद लागेल असं काही हवं, उठाबशाही चालतील.

माणसांना भेटणं हे अनेकजण यादीत शेवटी ठेवतात, जणू ती चैन आहे. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. लोकलचा ग्रुप, भिशी, भजनी मंडळ, कट्टा यांचा वेळ वाया गेला असं समजू नका.

ऑफिसचे मेसेज मात्र वैयक्तिक शिस्तीनं थांबत नाहीत. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याच्या हक्काचा कायदा १ जानेवारी २०१७ पासून आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर टीममध्येच ठरवून घेणं हा मार्ग उरतो : रात्री नऊनंतर खरंच तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज सकाळी पाहिला जाईल. असं एकट्यानं म्हटलं की तो कामचुकार ठरतो, चौघांनी म्हटलं की नियम होतो.

आणि हे सगळं करूनही थकवा जात नसेल तर?

तर वेळापत्रकाचा पिच्छा सोडा आणि डॉक्टरांकडे जा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. जिना चढताना धाप लागणं, दुपारी डोकं दुखणं, चिडचिड, केस गळणं ही तिचीच लक्षणं असू शकतात आणि ती कुठल्याही 'सेल्फ केअर'नं भरून येत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२ या नेहमीच्या तपासण्या आहेत. त्यांतल्या कुठल्या करायच्या ते डॉक्टर सांगतील. मोठ्यानं घोरण्याची सवय असेल आणि सात-आठ तास झोपूनही सकाळी अंग जड वाटत असेल, तर झोपेत श्वास अडकतो का हे पाहावं लागतं. ते स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.